मंडईतलं दुकान पाकिटावर नंबर मागतंय? आधी बघा, ‘फॉसकॉस’च्या अर्जात मोबाईल कुणाचा टाकलाय

मंडई (पुणे) : दिवाळी तोंडावर आली की वेल्हे, भोर, मुळशी, हवेली भागातल्या बचत गटांच्या महिला चकलीची भाजणी, मेतकूट, लोणचं, पापड, नाचणीचं पीठ असा माल घेऊन पुण्याची वाट धरतात. महात्मा फुले मंडईच्या आजूबाजूची दुकानं हे बऱ्याच जणींचं पहिलं ठिकाण. एसटीनं स्वारगेटला उतरायचं आणि पिशव्या सांभाळत मंडई गाठायची. २०२४ मध्ये २९ सप्टेंबरपासून स्वारगेट ते मंडई जमिनीखालून मेट्रो सुरू झाली, त्यामुळं तेवढी पायपीटही वाचली. पण माल दुकानदाराच्या हातात दिला की तो चव बघतो, मान डोलावतो आणि लगेच पाकीट उलटं करून विचारतो, “ताई, नंबर कुठंय?”

“कसला नंबर, भाऊ?”

“फूड लायसनचा. चौदा आकडी.”

इथं बऱ्याच गटांचं घोडं अडतं. कुणाकडं नंबरच नसतो. कुणाकडं असतो, पण मुदत संपलेला. आणि काही जणींकडं असा कागद असतो की त्यावर आकडे चौदा नसून सतरा असतात. तिन्ही प्रकारात माल परत पिशवीत जातो. हा नंबर मिळतो कुठून, २०२० पासून त्याच्या ऑनलाइन अर्जात काय काय बदललं, आणि एवढं सोपं होऊनसुद्धा लोक अडकतात कुठं, ते जरा सविस्तर बघू.

दुकानदार का मागतो

दुकानदार उगाच अडवतोय असं वाटतं, पण त्यालाही मागून धाक आहे. देशात अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा. त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. खाण्याचा पदार्थ बनवणारा, साठवणारा, विकणारा, वाहून नेणारा, सगळे त्यात आले. परवान्याच्या अटींमध्येच लिहिलंय की उत्पादकानं आणि वितरकानं माल घ्यायचा-द्यायचा तो परवाना किंवा नोंदणी असलेल्याशीच, आणि त्याची नोंदही ठेवायची. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही हा नंबर टाकणं बंधनकारक झालं. म्हणजे उद्या तपासणीला साहेब आला आणि फळीवर बिननंबरचं लोणचं सापडलं, तर उत्तर दुकानदाराला द्यावं लागतं. तो का म्हणून जोखीम घेईल?

इथं एक गोष्ट शेतकऱ्यांनी स्पष्ट समजून घ्यावी. शेतात पिकवलेली मेथी, टोमॅटो, वांगी मंडईत आणून विकायला या नोंदणीची गरज नाही. कायद्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी आणि त्यानं शेतावर काढलेलं पीक कायद्याच्या बाहेर ठेवलंय. भाजीच्या पाटीला कुणी असला नंबर मागत असेल तर ते चूक आहे. पण त्याच टोमॅटोचा सॉस करून बाटलीत भरला, मिरची कांडून मसाला पाकिटात घातला आणि दुकानाला दिला, की तुम्ही शेतकऱ्याबरोबर अन्न व्यावसायिकही झालात.

छोट्यांना परवाना नको, नोंदणी पुरे

लोक सरसकट ‘लायसन’ म्हणतात, पण गावातल्या गटाला बहुतेक वेळा लायसन लागतच नाही. २०२४ मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी चालायची. त्याची फी वर्षाला फक्त १०० रुपये. २०२४ मध्ये एक ते पाच वर्षांपर्यंत मुदत घेता यायची, म्हणजे पाच वर्षांचे ५०० व्हायचे. उलाढाल त्याच्या वर गेली की राज्याचा परवाना आणि फार मोठी झाली की केंद्राचा. महिन्याला लाखभराचं लोणचं-मसाला विकणारा गट अजून आपल्या भागात विरळाच, त्यामुळं बहुतेकांना १०० रुपयेवालीच नोंदणी.

तरीही या कामाला कुठं दोन हजार, कुठं तीन हजार मागितले जातात. अर्ज भरून देणाऱ्यानं त्याच्या कष्टाचे पैसे घ्यावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे पावतीवर वेगवेगळं दिसलं पाहिजे. इंटरनेटवर ‘फूड लायसन’ म्हणून शोधलं की वर येणाऱ्या कित्येक वेबसाइट खाजगी असतात. अशोकस्तंभासारखं चित्र, तिरंग्याचे रंग, सगळं दिसायला सरकारी. खरं पोर्टल एकच आहे आणि त्याचा पत्ता असा : फॉसकॉस डॉट एफएसएसएआय डॉट गव्ह डॉट इन. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर पैसे भरू नका.

नाव बदललं त्यात बरंच काही आलं

या पोर्टलच्या आधी जुनी व्यवस्था होती, तिचं नाव होतं ‘फूड लायसन्सिंग अँड रजिस्ट्रेशन सिस्टीम’. म्हणजे परवाना आणि नोंदणी देणारी यंत्रणा. कागद हातात पडला की काम संपलं, असा तिचा एकंदर बाज. १ जून २०२० ला तिच्या जागी ‘फूड सेफ्टी कम्प्लायन्स सिस्टीम’ आली, तीच फॉसकॉस. सुरुवातीला गोवा, गुजरात, तामिळनाडू, दिल्ली अशी नऊ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश होते. महाराष्ट्रात ती १ नोव्हेंबर २०२० पासून आली. ‘कम्प्लायन्स’ म्हणजे नियम पाळत राहणं. अर्ज, मुदत, नूतनीकरण, तपासणी, वार्षिक विवरणपत्र, हे सगळं एकाच खात्यात बघायचं, हा नव्या सॉफ्टवेअरचा हेतू.

सगळ्यात मोठा फरक पडला तो पदार्थाच्या नावात. पूर्वी उत्पादकानं काय बनवतो ते रिकाम्या चौकटीत टाइप करायचं होतं. कुणी ‘पिकल’ लिहायचं, कुणी ‘लोणचे’, कुणी ‘मॅंगो आचार’, कुणी नुसतं ‘घरगुती पदार्थ’. असल्या अर्जावर अधिकारी तरी काय ठरवणार? मग त्रुटी काढायची, अर्ज परत पाठवायचा आणि पुन्हा हेलपाटा. नव्या पोर्टलवर ठरावीक यादी दिली आणि त्यातून निवडायचं ठेवलं. लोणचं फळं-भाज्यांच्या गटात बसतं, मसाला मसाल्यांच्या गटात, गूळ आणि मध गोड करणाऱ्या पदार्थांच्या गटात.

यातून हेलपाटे कमी होतात, हे मान्य करावं लागेल. पण यादीतले शब्द इंग्रजी आणि गटही सरकारी डोक्यानं पाडलेले. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया हे आपल्या घरातले शब्द तिथं शोधून सापडत नाहीत. मग अर्ज भरणारा पोरगा जवळचं दिसेल ते टिचकी मारून मोकळा होतो. नाचणीच्या पिठासाठी नोंदणी घेतली आणि पाकिटात लोणचं विकलं, तर तो नंबर लोणच्याला चालत नाही. म्हणून जाण्याआधी गटानं घरी बसून एका कागदावर लिहून काढावं की आपण नेमके कोणते पदार्थ बनवतो आणि येत्या वर्षात कोणते वाढवणार. तो कागद समोर ठेवूनच यादीतून निवड करायला सांगावी.

दुकानाला तत्काळ, बनवणाऱ्याला सात दिवस

२०२४ मध्ये २८ जूनपासून आणखी एक सोय आली, ‘तत्काळ’. कमी धोक्याचे जे व्यवसाय आहेत, म्हणजे किराणा दुकानदार, घाऊक विक्रेता, वाहतूकदार, फेरीवाला, चहा-नाष्ट्याची टपरी, त्यांना अर्ज आणि फी भरली की ऑनलाइनच नोंदणी किंवा परवाना मिळतो. दूध, मांस, मासे यांना ही सोय नाही. आणि पदार्थ बनवणाऱ्यालाही नाही.

म्हणजे मंडईतल्या दुकानदाराला नंबर बसल्या जागी मिळेल आणि त्याला माल देणाऱ्या वेल्ह्यातल्या गटाला नेहमीच्या वाटेनं जावं लागेल. ऐकायला अन्याय वाटतो. पण बंद पाकीट विकणं आणि घरात मसाला भाजून ते पाकीट भरणं यात फरक आहे. बनवतानाच पाणी, हात, भांडी, तेल यांचा संबंध येतो. त्यामुळं तपासणीची वाट मोकळी ठेवली हे समजण्यासारखं आहे. खटकतं ते एवढंच की ही गोष्ट कुणी सांगत नाही. ‘तत्काळ मध्ये लगेच निघेल’ म्हणून गटाला रिटेलर, म्हणजे किरकोळ विक्रेता म्हणून नोंदवून टाकणारे महाभाग आहेत. नंबर लगेच मिळतो, पाकिटावर छापलाही जातो, आणि तपासणीत विचारलं की ‘बनवतंय कोण?’ तर उत्तर नसतं. तुम्ही बनवत असाल तर अर्जात ‘मॅन्युफॅक्चरर’ हाच शब्द दिसला पाहिजे.

नेहमीची वाट फार लांबही नाही. नियमात लिहिलंय की नोंदणीचा अर्ज आल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्यानं नोंदणी द्यायची, किंवा कारण लिहून नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी ठरली तर ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. सात दिवसांत काहीच झालं नाही, किंवा ३० दिवसांत काही कळवलं नाही, तर छोट्या व्यावसायिकानं काम सुरू करायला हरकत नाही, असंही त्याच नियमात आहे. मात्र त्यामुळं पाकिटावर छापायला नंबर मिळत नाही, म्हणून मंडईच्या दुकानाला माल द्यायचा तर वाट बघावीच लागते. दिवाळीचा माल धरायचा असेल तर अर्ज वेळेत गेलेला बरा.

ओटीपी कुणाकडं जातो?

आता मुद्द्याची गोष्ट. पोर्टल कितीही सुधारलं तरी त्या सुधारणेचा फायदा त्यालाच मिळतो, ज्याचा मोबाईल नंबर आणि ई-मेल अर्जात टाकलेला आहे. त्रुटी निघाल्याचा निरोप तिथं जातो. नोंदणी मंजूर झाल्याचा तिथंच. मुदत संपत आल्याचा तिथंच. पासवर्ड विसरला तर नवा काढायचा रस्ताही तिथूनच.

गावात काय होतं? गटाच्या अध्यक्षांचा फोन साधा असतो, किंवा रेंज नसते, किंवा ई-मेल काय असतं तेच माहीत नसतं. अर्ज भरणारा स्वतःचाच मोबाईल आणि स्वतःचाच ई-मेल टाकतो. त्याच्या मनात काळंबेरं असतंच असं नाही, त्या वेळी काम उरकायचं असतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना ओटीपीसाठी घराघरात कशी पळापळ झाली, ते सगळ्यांनी पाहिलंय. पण तिथं निदान पैसे बँक खात्यात आले की कळत होतं. इथं काहीच येत नाही. सहा महिन्यांनी सेंटरवाल्याचा फोन बदलतो, तो दुसऱ्या धंद्याला लागतो आणि गटाची नोंदणी कुठल्या खात्यात पडून आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

अर्जात त्रुटी निघाली आणि ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज निकाली निघतो आणि फी बुडते. शंभर रुपयांचं काही नाही, पण हंगाम जातो. त्यामुळं सेंटरवर जाताना गटातल्या अशा एका ताईला बरोबर न्या, जिचा स्मार्टफोन स्वतःचा आहे आणि जी नंबर बदलत नाही. गटाच्या नावानं एक ई-मेल काढा. युजर आयडी आणि पासवर्ड गटाच्या ठरावाच्या वहीत लिहून ठेवा. ‘वहीत पासवर्ड लिहू नये’ असं शहरातली पोरं सांगतील. त्यांचं शहाणपण त्यांच्यापाशी. वही कपाटात कुलूपबंद असेल तर सेंटरवाल्याच्या डोक्यापेक्षा ती बरी.

नोंदणी कुणाच्या नावानं घ्यायची हाही असाच प्रश्न. घाईत अध्यक्षांच्या वैयक्तिक नावानं अर्ज जातो, कारण आधार त्यांचंच हाताशी असतं. पुढं अध्यक्ष बदलल्या, किंवा गटात बिनसलं, तर नंबर त्यांच्याबरोबर जातो आणि छापून ठेवलेली पाकिटं रद्दीत. गट म्हणून माल विकणार असाल तर गटाच्या नावानंच अर्ज करा. पत्ता माल जिथं बनतो तिथला द्या. मंडईतल्या दुकानाचा किंवा पुण्यात राहणाऱ्या भावाचा नको. कागदपत्रं फार नाहीत : फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. फॉर्ममध्ये पाणी कुठलं वापरता आणि वीज वापरता का हेही विचारतात. ते खरं तेच लिहावं.

सतरा आकडी आणि चौदा आकडी

अर्ज भरला की लगेच एक नंबर मिळतो, तो सतरा आकडी. तो फक्त अर्जाचा संदर्भ क्रमांक. त्यावरून अर्ज कुठवर आला ते बघता येतं, पण तो पाकिटावर छापायचा नसतो. पाकिटावर जातो तो चौदा आकडी, नोंदणी झाल्यावर मिळणारा. हे न सांगितल्यामुळं सतरा आकडी नंबर छापून हजार-हजार पाकिटं वाया जाऊ शकतात.

चौदा आकडी नंबर वाचताही येतो. पहिला आकडा २ असेल तर ती नोंदणी, १ असेल तर परवाना. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्याच्या पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २१५२४ नं सुरू होणारा नंबर दिसला की समजायचं, महाराष्ट्रातली नोंदणी, २०२४ मधली. कुणी तुमच्या हातात नंबर ठेवला आणि तो १ नं सुरू होत असेल, तर ‘आम्ही तर नोंदणी केली होती, हा कुणाचा परवाना?’ असं तिथंच विचारा. फॉसकॉसच्या पहिल्या पानावर नंबर टाकून शोधायची सोय आहे. नाव, पत्ता आणि मुदत तिथं दिसते. दुकानदारही तिथंच तपासतो, म्हणून खोटा किंवा दुसऱ्याचा उसना नंबर आता फार दिवस लपत नाही.

मुदतीचं गणित

जानेवारी २०२३ पासून नूतनीकरणही लगेच होऊ लागलं. अर्ज आणि फी भरली की झालं. पूर्वी त्यालाही वाट बघावी लागायची. पण २०२४ मध्ये नियम असा होता की मुदत संपायच्या ३० दिवस आधीच अर्ज गेला पाहिजे. शेवटच्या त्या ३० दिवसांत केला तर रोजचे १०० रुपये विलंब शुल्क पडायचं. वर्षाच्या शंभर रुपयांच्या नोंदणीला दिवसाचा शंभर रुपये दंड, हे गणित कुणी बसवलं असेल ते असो. मुदत उलटून गेली आणि अर्जच केला नाही, तर नोंदणी संपायची आणि धंदा थांबवावा लागायचा. एक वर्षाऐवजी पाच वर्षांची मुदत घेतलेली म्हणूनच परवडायची. दरवर्षी दिवाळीच्या धांदलीत आठवण ठेवायला नको.

वार्षिक विवरणपत्राची भीती काही जण घालतात, ‘रिटर्न भरलं नाही तर दंड पडेल’ म्हणून पैसे मागतात. ३१ मे पर्यंतचं ते विवरणपत्र परवानाधारक उत्पादकांसाठी आहे. १०० रुपयांच्या नोंदणीवाल्यांना ते भरावं लागत नाही.

नंबर मिळाला म्हणजे पाकीट पूर्ण झालं असंही नाही. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, किंमत, हिरवा ठिपका, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क, हे लेबलवर हवं. छपाईला देण्याआधी नमुना मंडईतल्या दुकानदाराला दाखवून घ्या. रोज पन्नास पाकिटं हाताळणाऱ्या त्या माणसाला चूक चटकन दिसते. आणि दुकानदार सुटा माल घेऊन स्वतःच्या पाकिटात भरणार असेल तर त्याचा नंबर पाकिटावर जाईल, पण तुमचा नंबर त्याला बिलावर तरीही लागणारच.

अर्ज अडकला, किंवा जुनी नोंदणी भलत्याच्याच मोबाईलवर आहे असं लक्षात आलं, तर नवा अर्ज करून दुहेरी घोळ घालू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा टोल फ्री क्रमांक १८००११२१०० आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५. फोन लावताना सतरा आकडी किंवा चौदा आकडी, जो असेल तो नंबर समोर ठेवा.